जाड थरांची अमूर्त ॲक्रिलिक चित्रे: भेगा पडतात, आणि पूर्वीचा आनंदही येत नाही

कोरी फळी (इंदिरानगर, नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. चित्रकलेचे शिक्षण म्हणावे तर शाळेत असताना दिलेली एलिमेंटरीची परीक्षा, एवढेच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी घराला रंग लावण्याचे काम निघाले होते. संध्याकाळी कारागीर गेल्यावर पाहिले, तर घमेल्याच्या तळाशी थोडी पुट्टी उरली होती आणि सकाळपर्यंत तिचा दगड होणार हे उघड होते. बाल्कनीत प्लायचा दोन फुटी तुकडा पडून होता. वाया जाण्यापेक्षा बरे, एवढ्याच विचाराने मी पत्ती उचलली आणि ती पुट्टी त्या तुकड्यावर ओढू लागले.

पत्ती आडवी धरली की थर लोण्यासारखा पसरतो, उभी धरली की तिच्या मागे एक कड उभी राहते, आणि झटकन उचलली की पुट्टी ओढली जाऊन बारीक काटे उभे राहतात, हे मला त्या रात्री हातानेच कळले. नंतर डोक्याची जुनी फणी फिरवली, गोणपाटाचा तुकडा दाबला. दुसऱ्या दिवशी सगळे वाळल्यावर मुलीच्या शाळेच्या पेटीतली तपकिरी ॲक्रिलिकची ट्यूब पाण्यात पातळ करून वरून ओतली आणि ओल्या फडक्याने पुसून घेतली. उंचवटे पांढरे राहिले, खोलगट जागांत रंग साचला, आणि ब्रह्मगिरीच्या उन्हाळ्यातल्या उघड्या कड्यासारखे काहीतरी समोर आले. ते मी ठरवून केलेले नव्हते. त्या दोन संध्याकाळी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले होते, यावरून माझी अवस्था आपल्या लक्षात येईल.

त्यानंतर मी रीतसर साहित्य आणले. ताणलेले कॅनव्हास, ॲक्रिलिकच्या ट्यूब, निरनिराळ्या आकारांच्या पॅलेट नाइफ, सगळे आले. व्हिडिओ पाहून पाहून सोनेरी वर्ख आणि निळा समुद्र असलेली चित्रेही केली. ती नातेवाइकांना आवडली. नणंदेने तिच्या नव्या फ्लॅटसाठी सोफ्याच्या रंगाशी जुळणारे तीन फुटी चित्र मागितले आणि मी हौसेने होकार दिला. ते काम मार्चमध्ये सुरू केले आणि एप्रिलच्या मध्यावर त्याला भेगा पडल्या. मॉडेलिंग पेस्ट (चित्रात जाड थर देण्यासाठी मिळणारा तयार लगदा) महाग पडते म्हणून मी घरात उरलेल्या पिशवीतली भिंतीची पुट्टीच कॅनव्हासवर जवळपास अर्धा इंच जाड लावली होती. लवकर वाळावी म्हणून पंखा पूर्ण वेगाने लावून ठेवला होता. आता कॅनव्हास मधोमध खाली झुकला आहे आणि बोट लावले की कोपऱ्यातले पापुद्रे सुटतात.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला साधा आहे: जाड थर भेगा न पडता कसा द्यावा, आणि हे चित्र वाचवता येईल का? दुसरा विचारताना थोडा संकोच वाटतो. त्या पहिल्या प्लायच्या तुकड्यावर जे सुख मिळाले, ते नंतरच्या बारा-तेरा चित्रांत मला एकदाही मिळालेले नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा "हे नक्की काय आहे?" असे विचारतो आणि मी काहीतरी उत्तर जुळवून सांगते, मग तेच उत्तर पुढच्या चित्राच्या वेळी माझ्याच डोक्यात आधीपासून येऊन बसलेले असते. साहित्य चांगले आले, हात थोडा बसला, तरी आनंद कमी का झाला? इतरांना असा अनुभव आला आहे का?

गवंडीकाम यांचे उत्तर

ताई, आधी भेगांचे बोलू, कारण त्यांचे कारण निश्चित सांगता येते.

भिंतीची पुट्टी बहुधा पांढऱ्या सिमेंटची असते. ती नुसती वाळत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते आणि एकदा घट्ट झाली की वाकत नाही. भिंत हलत नसल्यामुळे तिथे ती वर्षानुवर्षे टिकते. ताणलेला सुती कॅनव्हास मात्र सतत हलत असतो: हवेतला ओलावा वाढला-घटला की तो सैल होतो, ताणतो, आणि पाठीमागून कोणाचा कोपर लागला तरी ढोलकीच्या चामड्यासारखा थरथरतो. न वाकणारी वस्तू हलणाऱ्या वस्तूवर चिकटवली तर भेग पडणारच. आपला पहिला तुकडा प्लायचा होता म्हणून तो आजही शाबूत असेल, असा माझा अंदाज आहे. शिवाय सिमेंटची पुट्टी अल्कधर्मी असते आणि काही रंगद्रव्ये ते सोसत नाहीत. खरा प्रशियन निळा अशा पृष्ठभागावर टिकत नाही. म्हणून पुट्टीवर काम करायचेच असेल तर ती काही दिवस पुरती सुकू द्यावी आणि वर ॲक्रिलिक प्रायमरचा हात मारूनच रंगाला सुरुवात करावी.

मॉडेलिंग पेस्टचा प्रकार वेगळा आहे. ती म्हणजे ॲक्रिलिकच्या माध्यमात कालवलेली संगमरवराची बारीक भुकटी. ॲक्रिलिकमध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून जाते तसे ते कण एकमेकांना भिडतात आणि त्यांचा एकसंध, थोडा लवचिक पापुद्रा बनतो. तो बनण्यासाठी दोन गोष्टी लागतात, पुरेसा वेळ आणि पुरेशी ऊब. आपण जाड थर देऊन पंखा लावला, तेव्हा वरची साय आधी वाळली आणि आतला माल ओलाच राहिला. नंतर आतले पाणी जाऊ लागले आणि तो आकसला, पण वरची साय तोवर कडक झालेली असल्यामुळे तिला त्याच्याबरोबर आकसता आले नाही आणि ती फाटली. म्हणजे कॅनव्हासऐवजी प्लाय असता आणि पुट्टीऐवजी पेस्ट असती, तरी अर्धा इंच थर एका दमात दिल्यावर थोड्याफार भेगा पडल्याच असत्या.

माझी पद्धत गवंड्यांची आहे (वडील गवंडी होते, आयडीही त्यावरूनच घेतला). गिलावा ते कधी एका हाताने जाड देत नाहीत. पहिला हात खडबडीत ठेवतात, तो ओढून घेतला की त्यावर दुसरा देतात. तसेच दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यावा, त्यावर खिळ्याने आडव्यातिडव्या रेघा ओढून ठेवाव्यात म्हणजे पुढच्या थराला पकड मिळते, आणि पूर्ण एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस, त्याला हात लावू नये. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून वर सैलसर प्लास्टिक अंथरावे. थंडीत उलट काळजी घ्यावी लागते: हवा साधारण 10 अंशांच्या खाली गेली की ॲक्रिलिकचे कण नीट जुळत नाहीत आणि थर भुसभुशीत राहतो. निफाडच्या बाजूला राहणाऱ्यांना पौष महिन्यात पहाटे बाल्कनीत चित्र वाळत ठेवण्याचा मोह होत असेल, तर तो त्यांनी टाळावा.

घरगुती पेस्ट करायची असेल तर खडूची भुकटी आणि ॲक्रिलिक माध्यम किंवा निदान ॲक्रिलिक प्रायमर वापरावे. बरेच जण लाकडाला लावायचा पांढरा गोंद घालतात. सरावासाठी तोही चालतो, पण ओलाव्यात तो पुन्हा मऊ पडतो हे ध्यानात ठेवावे. भुकटीचा लोभ करू नये. कणांना धरून ठेवायला पुरेसा चिकटा उरला नाही की ती पेस्ट वाळल्यावर खडूसारखी हाताला लागते आणि पुढे तडकते. आणि उरलेला माल बेसिनमध्ये धुऊ नका, एवढे कळकळीने सांगतो. माझ्या घरचा नळकामाचा खर्च त्या वर्षीच्या रंगांच्या खर्चापेक्षा जास्त झाला होता.

आपले चित्र मात्र वाचणार नाही. पुट्टी खरवडून काढा आणि कॅनव्हास पुन्हा प्रायमर लावून पातळ कामासाठी वापरा. खरवडताना तोंडाला फडके बांधा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईलसे वाटत नाही. एवढेच सांगतो की मी स्वतः कॅनव्हास सोडून एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) फळीवर आलो, तेव्हा माझा हात मोकळा झाला. कॅनव्हासवर पत्ती दाबली की तो मागे सरकतो. फळी मागे सरकत नाही, ती हाताला उत्तर देते.

नाशिकरोडकर यांचे उत्तर

मी नाशिकरोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, पण पोत या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार नोकरीने दिला आहे, असे समजतो.

आमच्या गावात 1928 सालापासून नोटा छापल्या जातात. नोटेवरचा काही मजकूर आणि चित्रे ज्या पद्धतीने छापतात, तिच्यात धातूच्या पत्र्यावर खोल रेघा कोरलेल्या असतात. शाई त्या रेघांत भरली जाते, पत्र्याचा बाकीचा भाग पुसून कोरडा केला जातो आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या रेघांत शिरून शाई उचलतो. म्हणून ती शाई कागदावर उभी राहते. शंभराच्या नव्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आहे आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आहे. दृष्टी नसलेल्या माणसाला बोटाने नोट ओळखता यावी म्हणून ती खूण असते. नोट हातात आली की अंगठा आपोआप तिच्यावरून फिरतो, ही सवय मला अजून आहे, आणि बाजारात भाजीवाल्यासमोर ती मला लाजवते.

हे सांगण्याचे कारण असे की, आपण ज्या पहिल्या रात्रीचे वर्णन केले आहे, त्यात डोळ्यांना काय दिसले याबद्दल जेमतेम एक वाक्य आहे. बाकी सगळे हाताला काय कळले याबद्दल आहे. पुढच्या चित्रांचे वर्णन वाचा. त्यात सोनेरी वर्ख, निळा समुद्र, सोफ्याचा रंग, पाहुण्यांचे प्रश्न आहेत. हात कुठेच नाही. आनंद हातात होता आणि आपण तो डोळ्यांत शोधत आहात, असे एका परक्या वाचकाला वाटले. चुकत असेन तर क्षमा करावी.

तांबट आळीत पूर्वी मठाराचे, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवण्याचे, काम चाले, तेव्हा मी लहानपणी तासन् तास उभा राहून पाहत असे. हंड्यावर पडणारा प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला अर्धा खाऊन टाकतो. कारागीर भांड्याकडे क्वचितच पाहत असे. आवाज बदलला की त्याला कळे, पत्रा कुठे पातळ झाला ते. आपण पॅलेट नाइफचा आवाज कधी ऐकला आहे का? ओल्या पेस्टवर तो वेगळा येतो आणि अर्धवट वाळलेल्या पेस्टवर वेगळा.

तिरपा प्रकाश यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे मला आवडली, पण त्यांतून एक गैरसमज पक्का होण्याची भीती वाटते म्हणून थोडे विरोधी लिहितो. काहीही न ठरवता हात फिरवला की अमूर्त चित्र होते आणि ठरवले की आनंद जातो, हे मला मान्य नाही. पहिल्या वेळेचा आनंद हा नवखेपणाचा आनंद असतो, तो परत येत नाही आणि परत यावा म्हणून धडपड करणे हीच दुःखाची सुरुवात असते. पोहायला शिकताना पाण्याने पहिल्यांदा उचलून धरले तो क्षण कोणालाही दुसऱ्यांदा मिळालेला नाही, पण म्हणून कोणी पोहणे सोडत नाही.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. 1924 साली नागपूरला जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेला हा चित्रकार स्वतःच्या कामाला 'अमूर्त' म्हणवूनही घेत नसे. त्यांचे काम तैलरंगातले होते. रंगाचे थर रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवायचे, ओला रंग कागदाने उचलायचा, पुन्हा चढवायचा. त्यातून जो पोत येई तो जाडीचा नव्हे तर खोलीचा असे. पाण्याच्या तळाशी काहीतरी हलते आहे असे वाटावे तसा. वर्षभरात त्यांची मोजकीच चित्रे होत, कारण बाकीचा वेळ ते विचार करत, नुसते बसत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 2014 साली त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, ते या सावकाशीचे फळ होते. आपण दोन वर्षांत नोकरी सांभाळून बारा-तेरा जाड थरांची चित्रे केली आहेत. आनंद कमी झाला की केवळ दमणूक वाढली, हे एकदा तपासून पाहावे.

"हे काय आहे?" या प्रश्नाचा आपण फार धसका घेतला आहे. पाहुण्याला काहीतरी बोलायचे असते म्हणून तो विचारतो. रंगपंचमीला आपल्या गावात रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. शनी चौकातल्या रहाडीत गुलाबी रंग असतो, तिवंध्याच्या रहाडीत पिवळा, आणि माणसे त्यात धाडकन उड्या मारतात. काठावर उभा राहून "या रंगाचा अर्थ काय?" असे अजून तरी कोणी विचारलेले मी ऐकलेले नाही. रंग आहे, उडी मारायची. आपल्याकडे अमूर्त रंग अनोळखी नाही, तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगला की मात्र त्याच्याकडे ओळखपत्र मागितले जाते. आपण पाहुण्याला चित्राचा अर्थ सांगू नका, चित्र कसे केले ते सांगा. फणी फिरवली, गोणपाट दाबले, म्हणा. लोकांना ते ऐकायला मनापासून आवडते.

एक व्यावहारिक सूचना देतो. आपल्याकडे साधने फार झाली आहेत. चार लहान फळ्या घ्या, एक फुटाच्या, एकाच आकाराच्या. एक पत्ती आणि एकच रंग, शिवाय पांढरा. सोनेरी वर्खाची डबी माळ्यावर ठेवा. चारही फळ्यांवर एकच कृती करा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला: थर किती ओला असताना ओरखडा काढला, एवढीच. दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी. दहा मिनिटांनी काढलेल्या ओरखड्याच्या कडा पुन्हा आत मिटतात. अर्ध्या तासाने कडा उभ्या राहतात. दोन तासांनी साय सुरकुतते आणि मागे ओढली जाते. दुसऱ्या दिवशी ओरखडा निघतच नाही, नुसती पांढरी रेघ उमटते. या वेळा आपल्या खोलीत वेगळ्या येतील, म्हणून स्वतः टिपून ठेवा. हिशेबाचे काम करणाऱ्या व्यक्तीला हे तक्ते आवडतील, असा माझा कयास आहे. आणि ओला ॲक्रिलिक रंग पाहून निर्णय घेऊ नका. ओला असताना त्याचे माध्यम दुधट असते, वाळल्यावर ते पारदर्शक होते आणि रंग एक छटा गडद होतो.

अशा कामाकडे समोरच्या ट्यूबलाइटखाली पाहिले तर पोत मरतो. फळी खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवा आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पाहा. उजेड बाजूने आला की एक मिलिमीटरची कडही डोंगरासारखी सावली टाकते.

गवंडीकाम यांचे प्रत्युत्तर

गायतोंडे यांचे उदाहरण देऊन आपण एका हौशी माणसावर फार वजन टाकत आहात, असे मला वाटते. ज्यांना शनिवारची दुपारच मिळते त्यांनी सहा महिने बसून विचार करावा, ही अपेक्षा योग्य नाही. चार फळ्यांची सूचना मात्र उत्तम आहे. फक्त फळ्यांना मागूनही प्रायमर लावावा. एका बाजूलाच ओला थर दिला की पातळ एमडीएफ पापडासारखी वाकते.

दिंडोरीची वाट यांचे उत्तर

थोडे विषयाच्या काठावरचे आहे, पण उपयोगी पडेल. द्राक्षबागेवर पक्ष्यांसाठी जी नायलॉनची जाळी पसरतात, तिचा फाटका तुकडा कोणत्याही बागाईतदाराकडे फुकट मिळतो. तो ओल्या पेस्टवर ताणून ठेवावा, वरून पत्ती फिरवावी आणि जाळी एका कोपऱ्यातून सावकाश सोलून काढावी. शंकरपाळ्यांसारखे चौकोन उमटतात. पूर्ण फळीभर तसे केले तर ते छापील कापडासारखे कंटाळवाणे दिसते, म्हणून मी निम्म्या भागावरच जाळी वापरतो आणि तिचे टोक पुसट होऊ देतो. जाळी लगेच पाण्यात टाकावी, नाहीतर पुढच्या वेळी ती काठीसारखी ताठ झालेली सापडते.

कोरी फळी यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहा आठवड्यांनी लिहीत आहे, कारण वार्षिक हिशेबांचे काम होते आणि काही सांगण्यासारखे घडल्याशिवाय लिहू नये, असेही वाटले.

नणंदेला फोन करून चित्र फुटले असे सरळ सांगितले. तिने बाजारातून छापील चित्र आणून लावले आणि ती समाधानी आहे. मी मात्र एका रविवारी तोंडाला ओढणी बांधून ती पुट्टी खरवडायला बसले. हे काम कंटाळवाणे होईल, असे मी गृहीत धरले होते. काही ठिकाणी पत्ती सारली की तळहाताएवढा पापुद्रा अख्खा सुटून येत होता आणि त्याच्या मागच्या बाजूवर कॅनव्हासची वीण जशीच्या तशी उमटलेली होती, एकेक धागा मोजता येईल इतकी. माझ्या चित्राच्या पुढच्या बाजूवर मी तीन आठवडे घालवले होते आणि त्याची पाठ त्याहून देखणी निघाली. नाशिकरोडकर काका, तेव्हा आपले शब्द आठवले. मी डोळे मिटून त्या पापुद्र्यावरून अंगठा फिरवून पाहिला. असे चार पापुद्रे खाकी पाकिटात जपून ठेवले आहेत.

तिरपा प्रकाश, आपल्या चार फळ्यांच्या आता नऊ झाल्या आहेत आणि आपण म्हणता तसा मी खरोखरच वहीत तक्ता केला आहे. माझ्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी कड उभी राहायला अर्धा तास लागत नाही, बारा ते पंधरा मिनिटांतच तो क्षण येतो आणि पाऊण तासाने साय ओढली जाते. परवा पहिला पाऊस झाला, तर त्याच कृतीला पन्नास मिनिटे लागली. सुख पूर्वीसारखे आले का, याचे उत्तर देणे कठीण आहे. कुकरच्या शिट्ट्या मी आता मोजते. पण घड्याळाकडे पाहत त्या क्षणाची वाट पाहताना जे वाटते ते मला आवडू लागले आहे.

मुख्य सांगायचे ते वेगळेच आहे. माझ्या सासूबाई सिन्नर तालुक्यातल्या. वय ऐंशीच्या पुढे आहे आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन अद्याप व्हायचे आहे, त्यामुळे त्यांना चित्र म्हणजे एक पांढुरका चौकोन एवढेच दिसते. फळ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या, तिथून जाताना त्यांनी आधारासाठी हात टेकला आणि मग तो तसाच फळीवरून फिरवत राहिल्या. "हे काय आहे?" असे त्यांनी विचारले नाही. त्या म्हणाल्या, "हिच्यात पाणी जास्त झालं. आणि इथं तुझा हात थांबला होता." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पाचव्या फळीच्या वेळी दारावर दूधवाला आला होता.

त्यांनी पन्नास वर्षे घर आणि अंगण सारवले आहे. शेणकाल्याला पाणी किती, हात किती दाबायचा, पाठ न मोडता मागे मागे कसे सरकायचे, हे त्यांनी मला त्या दुपारी खुर्चीत बसून सांगितले, आणि मग न राहवून नववी फळी मांडीवर घेतली. मी पेस्ट लावून दिली. त्यांनी चार बोटे जुळवून डाव्या कोपऱ्यातून कमानी ओढल्या, एकीच्या पोटात दुसरी, अंतर न चुकता, आणि मध्येच थांबून मला म्हणाल्या की हे कालवण फार चिकट आहे, यात थोडी माती घाल. पेस्ट नखांत वाळली ती काढायला अर्धा तास गेला, त्याबद्दल माझ्या नवऱ्याने दोघींनाही ऐकवले.

त्या कमानींवर मी अजून रंग लावलेला नाही. सासूबाईंचा आग्रह गेरूचा आहे. चुलीच्या भिंतीला त्या गेरूचाच हात देत असत. म्हणून एक शेवटचा प्रश्न: बाजारातला साधा गेरू ॲक्रिलिकमध्ये चालतो का, की पुढे रंग उडतो?

गवंडीकाम यांचे उत्तर

चालतो. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची माती आहे आणि ती उन्हाने उडत नाही. बाजारच्या गेरूत खडे फार असतात, तेव्हा आधी कुटून वस्त्रगाळ करा, थोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी वरचे पाणी ओतून टाकून तळाचा लगदा घ्या. कोरडी भुकटी थेट ॲक्रिलिक माध्यमात टाकली तर गुठळ्या होतात. लगद्याच्या निदान दुप्पट माध्यम घाला आणि आधी एका जुन्या फळीवर लावून पाहा. वाळल्यावर बोटाला लाल भुकटी लागली तर माध्यम कमी पडले असे समजावे. नवव्या फळीवर लावताना गेरू ओतू नका, फडक्याने पुसून घ्या, म्हणजे कमानींच्या कडा झाकल्या जाणार नाहीत.